खिळ्यावरचा बिल्ला

आमच्या घराच्या दाराशेजारी, चपलांच्या फळीच्या वर एक खिळा आहे. मी विमान चालवायला शिकू लागले त्या आठवड्यात तो बाबांनी ठोकला, आणि ठोकताना ते हसत होते. हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर पुढचं वाचून कोणाला वाटायचं, आमच्या घरात पहिल्यापासूनच सुतकी चेहरे होते.

बाबा भरवेलीच्या मँगनीज खाणीत होते. सगळी नोकरी जमिनीखाली. त्यांच्या वेळी पद्धत अशी होती की प्रत्येक कामगाराचा एक पितळी बिल्ला असायचा, त्यावर त्याचा नंबर. फाटकाजवळ लाकडी फळा, त्यावर खिळे. खाली जाताना बिल्ला खिशात घालायचा, वर आलं की आपल्या खिळ्याला परत अडकवायचा. रिकामा खिळा म्हणजे माणूस खाली. पाळी सुटल्यावरही खिळा रिकामा दिसला की शोधाशोध सुरू. दुसऱ्याचा बिल्ला टांगायची कोणालाच मुभा नव्हती. आणि एखादा खाणीच्या टेकडीपलीकडच्या तोंडातून बाहेर आला, तिथे मजेत चहा पीत बसला, तरी त्यानं इकडे येऊन आपल्या हातानं बिल्ला टांगेपर्यंत तो खालीच धरला जायचा. एकदा एक जण असाच पलीकडून निघून थेट घरी जाऊन झोपला आणि अख्खी पाळी त्याला शोधायला पुन्हा खाली उतरली. दुसऱ्या दिवशी त्याला काय काय ऐकावं लागलं ते बाबा आईसमोर पूर्ण सांगत नसत.

पुढे खाणीतले नंबर बदलले आणि बाबांचा जुना बिल्ला घरी आला. बरीच वर्षं तो आईच्या बांगड्यांच्या डब्यात पडून होता. मी पायलट व्हायचं ठरवलं, बाबांना निवृत्तीचा पैसा मिळाला, तो त्यांनी मुकाट्यानं माझ्यासमोर ठेवला, आणि मग बांगड्यांच्या डब्यातून हा बिल्लाही काढला.

"मी खाली जात होतो, तू वर जाशीन," बाबा म्हणाले. "हजेरी तं लागतेच."

गंमत म्हणून सुरू झालं. सकाळी निघताना मी बिल्ला खिशात घालायची, परत आले की टांगायची. धावपट्टी राज्याच्या सीमेपलीकडे महाराष्ट्रात, राजेगावजवळ वाघ नदीचा पूल ओलांडून स्कूटीनं तासाभराच्या अंतरावर. सकाळी हवा शांत असते म्हणून उड्डाणं पहाटे लवकर. दुपारी दीड-दोनपर्यंत मी घरी असायची. वॉर्डातल्या बायका विचारायच्या, वर जेवायला देतात का, खिडकी उघडता येते का, आमच्या छतावरून जाशील तेव्हा हात दाखवशील का. मी सगळ्यांना हो म्हणायची. खरं तर आमच्या शिकण्याच्या विमानात बसल्यावर गुडघे हलवायलाही जागा नसते, हात कुठून दाखवणार.

गंमत गंमतच राहिली असती, पण आईनं ती मनावर घेतली. बाबा खाणीत असताना तिला तो फळा कधी दिसला नव्हता. भोंगा ऐकायचा आणि वाट पाहायची, एवढंच तिच्या हाती होतं. आता खिळा तिच्या डोळ्यांसमोर होता. स्वयंपाकघरातून मान वळवली की दिसायचा. खिळा रिकामा असेपर्यंत ती जेवायची नाही.

मी चिडायची. आमचं बौद्ध घर. उपास, नवस, अमुक वारी तमुक खायचं नाही, हे आमच्याकडे आजोबांच्या पिढीपासून बंद. मी तिला म्हटलं, "आई, हा उपासच आहे. वरून तुले शुगर आहे."

"उपास काहून असन?" ती म्हणाली. "हजेरी आहे हे. तू आली का जेवतोच ना मी."

बाबा बाजूला बसून मिशीत हसले. आईनं त्यांच्याकडे पाहिलं आणि तीही हसली. त्या दोघांचं असं एकमेकांकडे बघून हसणं मला फार आवडायचं, म्हणून मी पुढे वाद घातला नाही.

व्यावसायिक पायलटच्या परवान्याला दोनशे तासांचं उड्डाण लागतं. लोकांना वाटतं, परीक्षा अवघड असते. परीक्षा होऊन जाते. उरतात ते तास. आज विमान बिघडलंय, उद्या धुकं आहे, परवा तुमच्या आधी चौघांचा नंबर आहे. तासाला तास जोडत जायचं. खैरलांजीकडची धानाची बांधी वरून पाहायची, वैनगंगा पाहायची, बैहरचे डोंगर डावीकडे ठेवायचे, परत यायचं. त्यात काही तास एकटीनं उडवायचे असतात, आणि त्यातलं एक उड्डाण लांबचं: दुसऱ्या दोन विमानतळांवर उतरून त्याच दिवशी आपल्या धावपट्टीवर परत.

त्या लांबच्या उड्डाणाची तयारी म्हणून मी एप्रिलमध्ये एकटी जबलपूरला गेले. उतरले तेव्हा आकाश स्वच्छ होतं. तासाभरात परतीच्या वाटेवर, डोंगरांच्या बाजूला ढग चढायला लागले. उन्हाळ्यातले ते ढग दिसायला सुंदर असतात आणि त्यांच्याजवळ जायचं नसतं. फोनवर आम्हाला उड्डाण शिकवणारे सर म्हणाले, रुको. मी थांबले. घरी फोन केला.

"आई, उतरली मी. जबलपूरले आहो. ढग आहेत, उशीर होईन. जेवून घे."

"हौ, जेवतो," आई म्हणाली. "तू खाल्लं का?"

मी समोसा खात होते. तसं तिला सांगितलं. ती म्हणाली, तेलकट खाऊ नको.

बाबा त्या दिवशी किरनापूरला सोयऱ्यांकडे साखरपुड्याला गेले होते. आई घरी एकटी. सकाळची शुगरची गोळी तिनं घेतली होती. चहा घेतला होता. स्वयंपाक करून झाकून ठेवला होता. मी जबलपूरला उतरलेय, सुखरूप आहे, समोसा खातेय, हे सगळं तिला माहीत होतं. पण बिल्ला माझ्या खिशात होता आणि खिळा रिकामा होता. टेकडीपलीकडच्या तोंडातून बाहेर आलेला माणूस खालीच धरायचा असतो.

चारच्या सुमारास बाबा परतले तेव्हा ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पडलेली होती. मी धावपट्टीवर उतरून फोन चालू केला, तो वाजतच राहिला. बालाघाटच्या दवाखान्यातून तिला गोंदियाला हलवलं. साखर खूप उतरली होती, आणि बराच वेळ उतरलेली होती, असं डॉक्टरांनी सांगितलं. ती शुद्धीवर आली नाही. तिसऱ्या दिवशी गेली.

पुण्यानुमोदनाला खूप माणसं आली. बैहरकडूनसुद्धा नातेवाईक जीप करून आले. मी पांढरी साडी नेसून सगळ्यांना पाणी देत होते. माझ्या डोळ्यांत पाणी येत नव्हतं. एका मावशीनं मला मुद्दाम जवळ घेऊन पाठीवर थोपटलं, मी रडावं म्हणून. मी तिच्या खांद्यावरून भिंतीकडे पाहत होते. साडीची घडी नीट बसली नव्हती, एवढंच मला कळत होतं.

बिल्ला युनिफॉर्मच्या खिशातच राहिला. मी तो टांगला नाही. बाबांनी विचारलं नाही. दुसऱ्याचा बिल्ला टांगायचा नसतो, म्हणून त्यांनी खिशातून काढूनही घेतला नाही. युनिफॉर्म धुतला गेला तेव्हा मी बिल्ला काढला, आणि इस्त्री झाल्यावर परत त्याच खिशात ठेवला.

आमच्या दोघांचं बोलणं कमी झालं असं म्हणता येणार नाही. गॅस संपला, दूधवाला आला नाही, पंख्याचा आवाज येतोय, सगळं बोलायचो. खिळ्याबद्दल बोलायचो नाही. बाबांच्या मनात काय होतं ते मला ठाऊक होतं. खिळा त्यांनी ठोकला होता. माझ्याही मनात तेच होतं, की खिळा यांनी ठोकला. मला त्यांचा राग यायला हवा होता. मी रागाची वाट पाहिली, पण तोही आला नाही.

पावसाळा गेला. मी परत उडायला लागले ते ठरवून नाही. सरांचा फोन आला, मी गेले. सर वायुदलातून निवृत्त झालेले, उत्तरेकडचे, सगळ्यांशी हिंदीत बोलायचे. इतक्या महिन्यांनंतर लगेच एकटीला सोडत नाहीत, त्यामुळे ते शेजारी बसले. मी विमानाभोवती फिरून सगळं तपासलं, टाकीतलं इंधन काढून उजेडात पाहिलं, चाकं पाहिली, पंख हलवून पाहिले. हात आपोआप चालत होते. उड्डाण चांगलं झालं. दुसऱ्या दिवशीचंही. मी पूर्वीपेक्षा चांगली उडवत होते.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी खैरलांजीच्या बाजूला सरांनी न सांगता इंजिनाचा जोर काढून घेतला. हा नेहमीचा सराव आहे. इंजिन बंद पडलं असं समजायचं, खाली उतरायला जागा शोधायची, पायरी पायरीनं सगळं करायचं. पूर्वी असं झालं की मी घाबरून पायऱ्या विसरायची. त्या दिवशी मी एक मोकळं पडीक शेत निवडलं, वेग धरला, तोंडानं एकेक पायरी म्हणत खाली आले. बांध दिसायला लागले, बांधावरची माणसं दिसायला लागली. सरांनी जोर परत दिला आणि आम्ही वर चढलो.

उतरल्यावर त्यांनी इंजिन बंद केलं, पण बेल्ट सोडला नाही.

"गलती एक भी नहीं की तुमने," ते म्हणाले. "डर लगा?"

"नहीं सर."

"थोड़ा भी नहीं?"

मी खरंच विचार करून पाहिलं. "नहीं."

"तो फिर अकेले नहीं भेजूँगा," सर म्हणाले, आणि बेल्ट सोडून उतरले.

मला वाईटही वाटलं नाही. एकटीचे तास झाले नाहीत तर परवाना नाही, लांबचं उड्डाण नाही झालं तर परवाना नाही, बाबांचा सगळा पैसा आणि माझी सगळी वर्षं त्यात गेलेली. हे मी स्कूटीवर स्वतःला मोठ्यानं सांगून पाहिलं. राजेगावच्या पुलावर एक ट्रक अगदी घासून गेला, तरी मी तेच सांगत होते.

घरी आले तर बाबा पुढच्या खोलीत खुर्चीवर बसले होते. मी हातपाय धुऊन स्वयंपाकघरात गेले. सकाळी मी वरण-भात आणि वांग्याची भाजी करून गेले होते. सगळं झाकलेलं, जसंच्या तसं. भाताला हातही लागलेला नव्हता.

"बाबा, तुमी जेवले नाही?"

"भूक नोहती."

आदल्या दिवशी मी येऊन ताट वाढल्यावरच तेही जेवायला बसले होते. त्याच्या आदल्या दिवशीही. मी तिथेच, झाकण हातात धरून उभी राहिले. बाबांची खुर्ची पूर्वी टीव्हीकडे तोंड करून असायची. ती कधी फिरवली गेली होती ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. आता ती दाराकडे तोंड करून होती.

दुसऱ्या दिवशी मी उडत होते आणि पहिल्यांदा माझं लक्ष घड्याळाकडे गेलं. बारा वाजून गेले होते. बाबांना ब्लडप्रेशर आहे, गोळ्या आहेत, वय आहे. ते खुर्चीवर बसले असतील. धावपट्टी समोर आली तेव्हा मी घाईत होते. उंच राहिले, मग नाक जास्त दाबलं, चाकं आपटली आणि विमान उडी मारून परत टेकलं. सरांनी हात घातला नसता तर काय झालं असतं ते सांगता येत नाही.

"आज डर लगा," सर म्हणाले. त्यांनी विचारलं नव्हतं.

"जी सर."

"किसका?"

मी सांगितलं. खिळा, बिल्ला, आई, बाबांची खुर्ची, सगळं सांगितलं. माझ्या हिंदीत ते फार कोरडं वाटलं. सर ऐकत राहिले. मग म्हणाले की भीती चांगली, घाई वाईट. घरचं घरी मिटवून ये, मग एकटीला पाठवतो. जो माणूस परत येण्याची घाई करतो तो परत येत नाही, हे त्यांनी फार साध्या आवाजात सांगितलं.

घरचं घरी मिटवायचं म्हणजे काय, ते मला ठाऊक नव्हतं. संध्याकाळी जेवताना मी ताटाकडे बघतच बोलले.

"बाबा, मी वर असतानी तुमी जेवले नाही तं मी उडणार नाही. सर एकटीले पाठवून राह्यले, लांबचं. दिवसभराचं आहे. सकाळी जाईन, संध्याकाळी येईन. तुमाले दुपारी जेवा लागन."

बाबांनी घास तसाच धरून ठेवला.

"बिल्ला नेशीन?" त्यांनी विचारलं.

"खिशातच आहे तो. तेव्हापासून."

ते जेवण संपवून, हात धुऊन अंगणात जाऊन बसले. मी काय मागत होते ते मला त्यांच्या पाठीकडे बघताना कळलं. खिळा रिकामा असताना ते जेवले, तर जेवता येत होतं असा त्याचा अर्थ होणार होता. आईलाही जेवता आलं असतं. नियमानं काही अडलं नव्हतं. हे सगळं त्यांना एका घासाबरोबर गिळावं लागणार होतं. ते हो म्हणाले नाहीत, आणि मीही दुसऱ्यांदा विचारलं नाही.

हवा पाहून सरांनी दिवस ठरवला. हिवाळ्याची सुरुवात, कापणी झालेली, आकाश धुतल्यासारखं. निघताना बाबा जागे होते. मी चपलांच्या फळीपाशी उभी राहून खिशावरून हात फिरवला, बिल्ला लागला. बाबांनी ते पाहिलं. "जाय," एवढंच म्हणाले.

पहिल्यांदा रायपूर, मग जबलपूर, मग परत. रायपूरला उतरून मी फोन केला नाही. जबलपूरला उतरल्यावरही नाही. तिथे तीच खोली, तेच प्लास्टिकचे स्टूल. समोसेही तसेच. मी फोन हातात घेऊन बसले होते. फोन केला असता तर बाबा म्हणाले असते, "हौ, जेवलो." आईही तेच म्हणाली होती. मग विचारून काय उपयोग. मी पाणी प्यायले, विमानाभोवती फिरून सगळं तपासलं आणि निघाले.

बैहरचे डोंगर ओलांडताना मला भीती वाटत होती. पूर्ण वेळ वाटत होती. घाई मात्र केली नाही. धावपट्टी दिसली, मी वेग बघितला, उंची बघितली, आणि शांतपणे उतरले. सरांनी लांबूनच हात केला. बाकीच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या, अंगावर पाणी ओतलं, तशी तिथे रीत आहे. मी हसले, फोटो काढून घेतला. ओल्या कपड्यांनीच स्कूटी काढली.

घरी पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. दार उघडंच होतं. बाबा खुर्चीवर नव्हते, ते आत भांडी घासत होते. ओट्यावर एक ताट पालथं घातलेलं, अजून ओलं. शेजारी कढईत काळपट झालेली वांग्याची भाजी. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच केली होती बहुतेक.

त्यांनी मागे वळून पाहिलं. "जेवलो मी," ते म्हणाले. "दुपारीच. पोटभर जेवलो."

मला वाटलं होतं, मला बरं वाटेल. दिवसभर मी याच वाक्याची वाट पाहत होते. पण मला राग आला, असा की कानापर्यंत रक्त चढलं. मी ओरडले. शेजारपाजारच्यांना ऐकू गेलं असणार.

"जेवता येत होतं तं तिले काहून नाही सांगितलं? तुमी तं हसत होते! तिले काहून नाही सांगितलं, बाबा?"

बाबांच्या हातात राखेची घासणी होती. ती त्यांनी खाली ठेवली नाही.

"दोनदा उठलो ताटावरून," ते म्हणाले. "खिळा दिसे. मंग खुर्ची फिरवली अन् भिताडाकडे तोंड करून जेवलो. तिले सांगाले पाह्यजे होतं. मले वाटे, तिले बरं वाटते तसं. मले बी बरं वाटे, कोणी आपल्यासाठी थांबते म्हणून. खदानीत होतो तवाही थांबे तुही आई. मी कधी नाही म्हटलं नाही."

मग मी रडले. चपला न काढता, ओल्या कपड्यांत, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून रडले. बाबांनी हात धुतले, बराच वेळ धूत राहिले. मग ताट सुलटं करून पुसलं, त्यात भात वाढला, वरण घातलं, कढईतली काळी भाजी खरवडून बाजूला वाढली आणि माझ्यासमोर आणून ठेवलं.

"जेव," ते म्हणाले. "थंडं झालं."

स्वतःसाठी एक वाटी भात घेऊन तेही समोर बसले. भाजी कडू झाली होती, मीठ नव्हतं. तसं मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, उद्या घालतो. आम्ही दोघंही खाली बघून जेवत होतो.

ताट संपेपर्यंत बिल्ला माझ्या ओल्या खिशातच होता, आणि खिळा रिकामा होता.